थंडी, गाडी आणि नळाचं पाणी

दिवाळीचा फराळ संपला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा रंग बदलतो. जूनमध्ये सगळे वायपर आणि गळती विचारतात, आता मनाली, बॅटरी आणि धुकं. यावेळी इतके प्रश्न आलेत की जागा पुरणार नाही, म्हणून नेहमीसारखी नावं गाळून फक्त गावं ठेवलीयेत. आणि आधीच सांगतो, उत्तरांमध्ये पाणी हा शब्द फार वेळा येणार आहे, त्याला इलाज नाही. तीस वर्षं गॅरेज चालवून माझं मत असं झालंय की थंडीत आपल्या गाड्यांना जो त्रास होतो त्यातला निम्मा आपण वर्षभर जिथे तिथे नळाचं पाणी ओतलेलं असतं त्याचा असतो.

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं आमच्याच डिझेल एसयूव्हीनं मनालीला चाललोय, जमलं तर अटल टनेलच्या पलीकडे सिस्सूपर्यंत. गाडी २०२१ ची आहे, सर्व्हिसिंग ऑक्टोबरात झालंय. सर्व्हिसवाले म्हणाले काही करायला नको, बिनधास्त जा. तरी मनात धाकधूक आहे. (पुणे)

धाकधूक आहे ते बरंय. सर्व्हिसवाल्यांनी गाडी पुण्याच्या हिशोबानं बघितली, आणि पुण्याच्या हिशोबानं ती ठीकच असणार.

आधी बॉनेट उघडा, इंजिन थंड असताना, आणि कूलंटच्या प्लास्टिकच्या बाटलीत टॉर्च मारून बघा. आतला रंग हिरवा किंवा गुलाबी चांगला गडद दिसला पाहिजे. तो जर रंगपंचमीनंतर बादलीत उरलेल्या पाण्यासारखा फिका दिसला तर समजा की कुणीतरी, बहुतेक तुम्हीच, मे महिन्यात कधीतरी "जरा लेव्हल कमी दिसतीये" म्हणून बिसलेरीची बाटली रिकामी केलीये. महाराष्ट्रात हे चालून जातं हो, पण सिस्सूला रात्री पारा उणे दहाच्या खाली जातो आणि पाणी गोठलं की जवळजवळ ९ टक्के फुगतं, मग रेडिएटर नाहीतर इंजिनचा ब्लॉक तडकतो आणि तो खर्च मी इथे लिहीत नाही, तुमची ट्रिप खराब होईल. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं असलं की ते साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. आता काहीजण म्हणतील मग सगळंच कूलंट टाकतो, जास्त सेफ. अजिबात नको. नुसतं ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मुख्य पदार्थ, उणे १३ च्या आसपासच गोठतं, पाण्यात मिसळल्यावरच त्याची खरी ताकद. तेव्हा सगळं काढून नवीन अर्धं-अर्धं भरून घ्या, मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच.

दुसरं पाणी वायपरच्या टाकीतलं. हा मी स्वतः खाल्लेला धडा आहे. मनालीच्या अलीकडे सकाळी सातला निघालो, पुढच्या ट्रकनं चिखल उडवला, मी सवयीनं वॉशरची दांडी ओढली आणि पाणी काचेवर पडल्या पडल्या त्याचं पांढरं जाळं झालं, वायपर त्याच्यावरून खरखरत गेला आणि पुढचं सगळं गायब! वळण डावीकडे होतं एवढं आठवत होतं त्या जोरावर गाडी बाजूला घेतली. हात नंतर पाच मिनिटं थरथरत होते. त्यामुळे टाकीतलं साधं पाणी निघायच्या आधी मारून संपवा आणि न गोठणारं वॉशर लिक्विड भरा. शाम्पूचं पाणी चालणार नाही, शाम्पू गोठणं थांबवत नाही.

आता डिझेल. थंडीत घरातलं खोबरेल तेल बाटलीत घट्ट होतं ना, डिझेलचं तसंच असतं, त्यात मेण असतं आणि ते थंडीत कण धरतं, टाकीत दिसत नाही पण फिल्टरमध्ये जाऊन बसतं आणि गाडी सकाळी सुरू होऊन दोन मिनिटांत बंद पडते. आपल्या देशात डिझेलचं स्टँडर्डच उन्हाळ्याला वेगळं आणि हिवाळ्याला वेगळं आहे. फिल्टर कुठल्या तापमानाला चोक होऊ शकतो त्याची मर्यादा उन्हाळ्यात १८ डिग्री, हिवाळ्यात ६ डिग्री. प्रत्यक्षात मिळणारं डिझेल त्याहून बरंच बरं असतं, पण मुद्दा कळला असेल. लडाखसाठी तर इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल काढलं. तुम्ही एवढंच करा, खालून फुल टाकी करून वर जाऊ नका, टाकी कमी होत वर पोचा आणि कुल्लू-मनालीत भरा. डिझेल फिल्टर जुना असेल तर बदला आणि त्यातलं साठलेलं पाणी काढून घ्या (परत पाणी). आणि वाटेत कुणी जुना ट्रकवाला रॉकेल मिसळायचा सल्ला देईल, त्याला चहा पाजा पण ऐकू नका, तुमच्या गाडीचे इंजेक्टर ते सहन करणार नाहीत. सकाळी स्टार्ट करताना डॅशबोर्डवरचा पिवळा स्प्रिंगसारखा दिवा विझू द्या आणि मगच सेल्फ मारा.

टायरची हवा दर ५-६ डिग्रीला साधारण १ पीएसआय उतरते. पुण्यात दुपारी तीसला ३३ भरली आणि मनालीत सकाळी शून्याला मोजली तर पाचेक पीएसआय कमी निघेल, उंचीमुळे त्यातली थोडी भरून निघते. म्हणून तिथे पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजा. बर्फात ग्रिप मिळावी म्हणून हवा कमी करायचा उद्योग नको.

चाकांना लावायच्या बर्फाच्या चेनचं म्हणाल तर बर्फ पडलं की पोलीस मनालीच्या पुढे सोलंगकडे फक्त फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्या सोडतात. आणि बॉनेट उंच आहे म्हणजे गाडी फोर बाय फोर आहे असं नसतं, आपल्याकडच्या बहुतेक एसयूव्ही फक्त पुढच्या चाकांवर चालतात, मग चेन पुढच्याच चाकांना लागते. मी बघितलंय, लोक मागच्या चाकांना चेन लावून पुढची चाकं जागेवर फिरवत बसतात आणि चेन भाड्यानं देणारा बिडी ओढत मजा बघतो. चेन घ्यायचीच असेल तर इथेच सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा लावून बघा, तिथे बोटं बधिर झाल्यावर ते हुक सापडत नाहीत. चेनवर ४० च्या वर जायचं नाही आणि मोकळा डांबरी रस्ता आला की काढायची.

रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, ओला असेल तर ब्रेक गोठून चाक धरून बसतो. सपाट जागा बघा, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. वायपर काचेवरून उचलून ठेवा. सकाळी काचेवर बर्फ असेल तर गरम पाणी ओतायचं नाही, काच तडकते, जुनं एटीएम कार्ड घेऊन खरवडा.

आणि हे नीट वाचा. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग ते अटल टनेलच्या मध्ये हजारेक गाड्या बर्फात अडकल्या होत्या, तुम्ही जाताय त्याच आठवड्यात. अडकलात तर काचा बंद करून इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, कधीच नाही. सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजलं की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, त्याला वास नसतो, झोपेतून उठताच येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली, त्यातल्या कित्येकांचा जीव थंडीनं नाही, या गॅसनं गेला असं तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं होतं. दर थोड्या वेळानं उतरून सायलेन्सर मोकळा करा, इंजिन दहा मिनिटं चालू, मग बंद, खिडकी बोटभर उघडी. ब्लँकेट, पाणी, चिक्की-लाडू, फावडं, टॉर्च डिक्कीत नको, मागच्या सीटवर ठेवा, बर्फात डिक्की उघडेलच असं नाही.

माझं विचाराल तर जोरात बर्फ पडत असेल त्या दिवशी तुमची गाडी हॉटेलवर ठेवा आणि तिथल्या ड्रायव्हरची फोर बाय फोर टॅक्सी करा, थोडे पैसे जातील पण ते लोक त्या रस्त्यावर जन्मलेत. जाताना आग्र्यावरून गेलात तर यमुना एक्स्प्रेसवेवर १५ डिसेंबरपासून धुक्यामुळे कारची मर्यादा १०० वरून ७५ वर आणतात, चलन घरी येतं.

प्रश्न : रोज सकाळी सहाला गाडी खर्रर्र करते आणि गप्प. धक्का मारला की चालू. बॅटरी तीनच वर्षांची आहे. नागपूरच्या थंडीत बॅटरी गोठते का? (नागपूर)

गोठत नाही. चार्ज असलेली बॅटरी उणे ५० ला पण गोठत नाही आणि नागपूरचा आजवरचा नीचांक ३.५ आहे, डिसेंबर २०१८ चा. तुमची बॅटरी डिसेंबरात मेलेली नाही हो, ती मे महिन्यातच मेलीये. ४५ डिग्रीत बॉनेटखाली काय भट्टी असते ती आठवा, त्यात आतल्या प्लेटा कुजतात, पण उन्हाळ्यात इंजिन ऑइल पातळ असतं, सेल्फला जोर लागत नाही म्हणून कळत नाही. आता ऑइल घट्ट, बॅटरीची ताकद थंडीनं अजून थोडी कमी, आणि बिंग फुटलं. तीन वर्षं नागपुरात म्हणजे तिनं तिचं काम केलंय.

तरी बदलायच्या आधी दोनशे-तीनशे रुपयाचा मल्टिमीटर आणा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट दाखवले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे अर्धी. गाडी चालू केल्यावर १३.८ ते १४.५ च्या मध्ये यायला हवेत, त्याहून कमी आले तर दोष अल्टरनेटरचा (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो), नवीन बॅटरी टाकून ती पण महिनाभरात बसेल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसतीये का? गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या ब्रशनं घासा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन. माझ्याकडे बॅटरी बदलायला आलेल्या कितीतरी गाड्या एवढ्यावरच परत गेल्यात (धंद्याच्या दृष्टीनं मूर्खपणा, बायको अजून ऐकवते).

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर वायर लावायची वेळ आली तर लाल ते लाल आधी, काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक तुमच्या इंजिनच्या लोखंडाला, मेलेल्या बॅटरीच्या मायनसला नाही, तिथे ठिणगी उडायला नको. ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं सुरू होत नाही, शेजाऱ्यांना उगीच दमवू नका.

प्रश्न : वडील रोज सकाळी गाडी दहा मिनिटं जागेवर गरम करतात, सगळी बिल्डिंग उठते. गरज असते का? (डोंबिवली)

वडिलांकडे आधी कार्ब्युरेटरवाली गाडी होती का, चोक ओढून सुरू करायची? त्या काळात ते बरोबरच होतं. आताच्या गाडीला अर्धा-एक मिनिट पुरे, मग पहिली तीन-चार किलोमीटर रेस न करता हळू चालवायची, इंजिन चालताना जास्त लवकर गरम होतं. हे तुम्ही सांगू नका, हा अंक त्यांच्या चहाशेजारी ठेवा.

प्रश्न : सकाळी सहा चाळीसला तीन मुलांना शाळेत सोडते. पाचव्या मिनिटाला समोरची काच आतून पांढरी होते. मी एसी लावते तर मिस्टर म्हणतात थंडीत एसी लावणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. काचेला मी रुमालानं पुसते. (नाशिक)

ताई, तुम्ही बरोबर आहात, मिस्टरांना हे मोठ्यानं वाचून दाखवा. चार जणांचा श्वास, ओले केस, वॉटरबॅगा, आणि बहुतेक पायाखालचं मॅट पण ओलं असेल, ते सगळं पाणी हवेत जातं आणि थंड काचेला लागलं की तिथेच बसतं. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, ते गाडीखाली थेंब-थेंब पडताना दिसतं तेच. म्हणून एसी चालू, पण तापमानाचं बटन गरमकडे, हवेची दिशा काचेवर, आणि गाडीतलीच हवा फिरवायचं जे बटन असतं, गाडीच्या आत गोल बाण असलेलं, ते बंद. एक-दीड मिनिटात काच खालून वर साफ होत जाते, मुलांना बघायला मजा येते. बऱ्याच गाड्यांत पुढच्या काचेचं डिफॉगर बटन दाबलं की एसी आपोआपच सुरू होतो, म्हणजे कंपनीलाही तुमचंच म्हणणं पटलंय. पेट्रोल किंचित जास्त जाईल, पण महिनोन्महिने बंद ठेवलेल्या एसीचे सील सुकून गॅस गेला की त्याचं बिल बघा म्हणावं.

रुमाल मात्र सोडा. हाताचं तेल काचेला लागतं आणि समोरून लाइट आला की सगळं फाकतं. रविवारी काच आतून जुन्या पेपरनं कोरडी घासा, स्वच्छ काचेवर वाफ कमी धरते. निफाडकडे जाणं होत असेल तर पहाटे काचेवर दवाचा बर्फही सापडेल, द्राक्षवाले शेकोट्या पेटवतात ते उगीच नाही, तेव्हा वरचा एटीएम कार्डाचा उपाय तुम्हालाही लागू.

प्रश्न : रोज पहाटे इस्लामपूरहून कराडला जातो. धुकं असलं की अप्पर लावला तरी काही दिसत नाही. पिवळे एलईडी लावू का? (सांगली जिल्हा)

अप्पर लावता म्हणूनच दिसत नाही. धुकं म्हणजे पाण्याचेच कण (झालं, आलं पाणी), उजेड त्यांच्यावर आपटून तुमच्याच डोळ्यात येतो. डिपर ठेवा आणि असतील तर फॉगलॅम्प, ते खाली असतात, रस्त्याच्या जवळून जातात. बाहेरून झगझगीत एलईडी बार लावू नका, समोरचा आंधळा होतो आणि मग तो तुमच्यावर येतो. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर त्या पॉलिश करून घ्या, शे-दोनशे रुपयात नव्या एलईडीपेक्षा जास्त फरक पडतो.

पण तुमच्या रस्त्यावरची खरी भानगड धुकं नाही, ऊस आहे. कारखाने सुरू झाले की मार्चपर्यंत एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, असलाच तर मातीनं माखलेला, आणि ऊस दोन हात बाहेर आलेला. ट्रॅक्टरवाल्याचा टेप एवढा मोठा की तुमचा हॉर्न त्याला ऐकू जात नाही. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ट्रॉली दिसल्यावर ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरा, २५ मीटर गेले, पुढे थांबायला कोरड्या रस्त्यावर अजून वीस. डिपरमध्ये धुक्यात तुम्हाला दिसतं किती, तीस? म्हणजे शेवटचे पंधरा मीटर तुम्ही उसात आहात. त्यात शेतातनं आलेल्या चाकांची माती दवानं भिजून रस्त्यावर साबण झालेली असते. दाट धुक्यात ३० च्या वर जाऊ नका. खिडकी थोडी उघडी ठेवा, ट्रॉली दिसायच्या आधी तिचा टेप ऐकू येतो, हे मी चेष्टेनं नाही सांगत, मी स्वतः दोनदा त्यामुळे वाचलोय. चारी इंडिकेटर लावून गाडी चालवू नका, वळताय की थांबलाय ते मागच्याला कळत नाही. आणि ट्रॉल्यांना रेडियम पट्ट्या लावायच्या मोहिमा दरवर्षी निघतात, तुमच्या ओळखीत कुणी वाहतूकदार असेल तर त्याला दोन मीटर पट्टी स्वतः नेऊन द्या, तुमच्याच रस्त्यावरची ट्रॉली आहे ती.

प्रश्न : जर्मनीत पहिलाच हिवाळा. सेकंडहँड गाडीला ऑल-सीझन टायर आहेत, विकणारा म्हणाला चालतील. बर्फ तर अजून पडलेलं पण नाही. (श्टुटगार्ट)

टायरच्या बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी आहे का बघा. असेल तर चालतील. नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फाची जुनी खूण) लिहिलं असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून ते तिथे हिवाळी टायर धरत नाहीत. कायद्यात तारीख नाही, रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाळ चिखल असेल तेव्हा योग्य टायर हवेत, नाहीतर ६० युरो दंड आणि लायसनवर एक पॉइंट, वर अपघात झाला तर विमावाला हात आखडतो. तिथले लोक ऑक्टोबर ते ईस्टर असं सरळ गणित ठेवतात, तुम्हीही ठेवा. बर्फाची वाट बघू नका, उन्हाळी टायरचं रबर ७ डिग्रीच्या खालीच कडक व्हायला लागतं. खाच कायद्यानं १.६ मिलिमीटर चालते पण हिवाळ्यात ४ च्या खाली गेली की बदला.

सकाळी काचेवर फक्त डोळ्यांपुरती खिडकी खरवडून निघायचं नाही, पूर्ण काच आणि टपावरचं बर्फसुद्धा साफ करायचं. तोवर इंजिन चालू ठेवून गाडी गरम करणंही तिथे दंडाचं काम आहे (डोंबिवलीच्या वडिलांना पाठवायला हवं). दाराच्या रबरांना सिलिकॉन नाहीतर ग्लिसरीन लावा म्हणजे दारं चिकटणार नाहीत. आईनं पाठवलेलं खोबरेल तेल नको, का ते वर मनालीच्या उत्तरात आलंय.

प्रश्न : सीएनजीची गाडी आहे, पेट्रोल भरतच नाही. सकाळी सुरू व्हायला त्रास देते. (ठाणे)

उत्तर तुमच्याच पहिल्या वाक्यात आहे. बहुतेक सीएनजी गाड्या थंड असताना पेट्रोलवर सुरू होतात आणि मग गॅसवर जातात. टाकीतला पेट्रोलचा पंप त्याच पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, सुकला की जळतो. पाव टाकी कायम ठेवा, आणि ते पेट्रोल वापरून ताजंही करत रहा.

प्रश्न : थंडी सुरू झाली की उंदीर वायर कुरतडतात. मागच्या वर्षी सहा हजार गेले. तंबाखूची पानं ठेवली तर जातात का? (कोल्हापूर)

काहीजण शपथेवर सांगतात जातात, मी एका गाडीत त्या पानांचंच घरटं केलेलं बघितलंय. गरम इंजिन म्हणजे त्यांना धर्मशाळाच. खालून बारीक जाळी बसवून घ्या, गाडी कचराकुंडी आणि झाडाझुडपापासून लांब लावा, गाडीत मुलांनी सांडलेला खाऊ रोज झाडा, आणि गाडी दोन-दोन आठवडे हलवलीच नाही असं करू नका. उंदरांच्या मागे मांजर पण शिरतं आणि पंख्याच्या बाजूला ऊब धरून झोपतं, त्यामुळे सकाळी सेल्फ मारायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा आणि पाच सेकंद थांबा.